एकच कॉमर्स की दोन?



वालधुनीजवळच्या आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना झाली की इंग्रजीचा वर्ग भरतो. वर्ग म्हणजे दोन सतरंज्या, एक फळा आणि शेजारच्या घरातून लांबवलेली पंख्याची वायर. सहावीतल्या पोरांपासून बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या तरण्या मुलांपर्यंत सगळे एकाच वर्गात. शिकवायला आम्ही, आणि आमच्या पोटात इंग्रजी किती आहे ते आम्हाला ठाऊक आहे. एम.ए. समाजशास्त्रात केलं, नोकरी समाजकार्याची, इंग्रजी वाचता येतं, बोलताना आजही घसा सुकतो. तरी वस्तीत दुसरं कोणी नाही म्हणून आम्ही.

दोन महिन्यांपूर्वी वर्गातली एक पोरगी सलग दोन रविवार आली नाही. बी.कॉम. झालेली, टॅली शिकलेली, हिशोबाला पक्की. आई डोंबिवलीत चार घरी पोळ्या लाटते, वडील रिक्षा चालवतात. आम्ही घरी गेलो तर आई म्हणाली, "ताई, ती आता कुठं जायचं नाही म्हणते. ठाण्याला मुलाखतीला गेली होती तेव्हापासून गप्पच आहे."

पोरगी आधी बोलेना. मग हळूहळू बोलली. घोडबंदर रस्त्यावरच्या एका ऑफिसात अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखत होती. समोर तिघं. पहिलाच प्रश्न, शिक्षणाबद्दल सांगा. हिनं रात्रभर पाठ केलेलं वाक्य म्हटलं, 'आय हॅव कम्प्लिटेड अ कॉमर्स अँड आय लाइक अ‍ॅन अकाउंटन्सी.' तिघांतला एक हसला आणि इंग्रजीतच विचारता झाला, एकच कॉमर्स केलंस की दोन? बाकीचे दोघंही हसले. त्यानंतर जीएसटीचं काय विचारलं, टॅलीचं काय विचारलं, तिला काही आठवत नाही. येताना ठाण्याहून कल्याणपर्यंत लोकलच्या दारात उभी राहून आली, आणि डोक्यात एकच, आपण चुकलो कुठं?

तिनं आम्हाला विचारलं ते असं, "ताई, 'अ' लावायचा असतो ना? तुम्हीच शिकवलं होतं."

खरंच आम्हीच शिकवलं होतं. मराठी माणूस इंग्रजीत 'अ' गाळतो, 'आय अ‍ॅम टीचर' म्हणतो, म्हणून आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की एकवचनी नामाच्या आधी 'अ' किंवा 'अ‍ॅन' लावा, विसरू नका. पोरीनं विसरायचं नाही हे इतकं मनावर घेतलं की जिथं नको तिथंही लावला. तिची चूक आळशीपणाची नव्हती, जास्तीच्या मेहनतीची होती. आणि नियम अर्धाच सांगणारे आम्ही होतो. तो उरलेला अर्धा इथं लिहितो आहोत. आपल्यापैकी कितीतरी जण कल्याण, उल्हासनगर, कळवा, मुंब्रा इथल्या विहारांतून असेच वर्ग घेतात, आणि आमच्यासारखा अर्धाच नियम सांगत असतील.

आधी आमच्याच शाळेचं सांगतो. आमच्या वेळी नगरपालिकेच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आमची पहिली कधीच मागे गेलेली. बाई शिकवायच्या 'ए बॉय', 'ए डॉग', 'अ‍ॅन अ‍ॅपल'. तो 'ए' नसून बोलताना 'अ' असतो हेही आम्हाला कॉलेजात कळलं. एक बॉय, एक डॉग, इथवर ठीक. पण इतिहास, गणित, कॉमर्स यांचं काय करायचं हे कोणी सांगितलं नाही.

खरं तर उत्तर आपल्या मराठीतच बसलेलं आहे. मराठीत असा 'अ' नाही, पण त्याच्या जवळपासचं काम 'एक' करतो. 'एक माणूस आला' म्हणतो आपण. पण 'मी एक इतिहास शिकतो' असं वस्तीतली आजीसुद्धा म्हणणार नाही. कानाला खटकतं. कारण इतिहास, गणित, कॉमर्स ही विषयांची नावं दुधा-पाण्यासारखी आहेत, मोजायची नाहीत. एक तांब्या पाणी असतं, दोन तांबे पाणी असतं, नुसतं 'एक पाणी' हॉटेलात ऑर्डर देतानाच म्हणतात. तसंच एक विषय असतो, एक तास असतो, एक पुस्तक असतं, पण 'एक गणित' म्हटलं की वहीतलं एक उदाहरण होतं, विषय राहत नाही. इंग्रजीतही तेच. 'आय स्टडी हिस्टरी', 'माय फेव्हरिट सब्जेक्ट इज जिऑग्रफी', 'आय हॅव मॅथ्स अ‍ॅट नाइन', कुठंही 'अ' नाही. तिनं 'आय हॅव कम्प्लिटेड माय बी.कॉम. अँड आय लाइक अकाउंटन्सी' म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता.

मात्र मराठी कानावर सगळाच भरवसा ठेवू नका, हेही पोरांना सांगावं लागतं. 'ती शिक्षिका आहे' यात आपल्याला 'एक' लागत नाही, इंग्रजीत मात्र 'शी इज अ टीचर' असा लागतोच. म्हणजे धंदा, हुद्दा, माणूस सांगताना कान दगा देतो आणि विषय सांगताना साथ देतो. गंमत इथं पुढे आहे. 'शी इज अ हिस्टरी टीचर' यात हिस्टरीच्या आधी 'अ' दिसतो, पण तो हिस्टरीचा नाही, टीचरचा आहे. हिस्टरी मध्ये येऊन बसली एवढंच. 'अ मॅथ्स पेपर', 'अ सायन्स लॅब', सगळीकडे तसंच. आमच्या पोरीनं बहुतेक कुठंतरी 'अ कॉमर्स ग्रॅज्युएट' ऐकलं असेल, बरोबर ऐकलं, आणि ग्रॅज्युएट गळून 'अ कॉमर्स' तेवढा लक्षात राहिला. चुका अशाच होतात, हवेतून येत नाहीत.

आता त्या हसण्याबद्दल.

ते हसणं आम्ही ओळखतो. पहिल्यांदा ऐकलं ते इंग्रजीच्या तासाला नाही, मराठीच्या तासाला. तिसरीत आम्ही उभं राहून धडा वाचला आणि 'पानी' म्हटलं. वर्ग हसला. घरी सगळे पानीच म्हणायचे, आजी पानी म्हणायची, नळावर भांडण व्हायचं तेही पानीवरून. ज्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले, त्या पाण्याचा 'ण' आपल्या तोंडात नीट बसत नाही म्हणून आपल्याला हसायचं. आधी पाणी द्यायचं नाही, मग पाण्याचा उच्चार तपासायचा. आम्ही घरी जाऊन आरशासमोर 'पाणी, लोणी, कोण' घोकलं. आजीला सुधारायला गेलो आणि तिची एक चापट खाल्ली. ती चापट बरोबर होती असं आता वाटतं.

'ण' जमला तेव्हा वाटलं सुटलो. मग इंग्रजी आलं आणि 'ण'च्या जागी 'अ' येऊन बसला. अक्षर बदललं, पण हसणारे त्याच बाकांवरचे.

समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात बोर्द्यू नावाचा फ्रेंच विद्वान शिकवतात. तो याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. ज्याच्या घरात आजोबा टाइम्स वाचत होते त्याला 'अ' कुठं लावायचा हे शिकावंच लागत नाही, जेवताना कानावर पडतं. आणि परीक्षेत मात्र ती त्याची हुशारी म्हणून मोजली जाते. मोठ्या सोसायटीतला मुलगा मुलाखतीत चुकला तर 'गडबडला बिचारा'. आमची पोरगी चुकली तर 'यांना कुठून घेतात'. चूक तीच, तिची किंमत वेगळी. म्हणून आम्ही वर्गात सांगतो की चुकायचा हक्क सगळ्यांना असला तरी आपल्याला तो महाग पडतो.

यावर आमच्याच एका कार्यकर्त्या मित्राशी कल्याण पूर्वेला चहाच्या टपरीवर कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही पोरांना गुलामी शिकवताय. भाव पोचला की भाषा झाली. इंग्रजांच्या 'अ'साठी आपण का झुरायचं? जगात लाखो लोक 'अ' चुकवून बोलतात आणि धंदा करतात." त्याचं बरंचसं बरोबर आहे. रशियन, चिनी, जपानी या भाषांत 'अ' आणि 'द' नाहीत, ती माणसं इंग्रजीत असंच अडखळतात, आणि त्यांना कोणी कोट्यातले म्हणत नाही. पण आम्ही त्याला विचारलं, तुझा मुलगा कुठल्या शाळेत जातो? तो हसला, मग गप्प झाला. त्याचा मुलगा डोंबिवलीत इंग्रजी माध्यमात आहे. जाऊ दे, आमचंही फार वेगळं नाही. पण भाषेच्या बंडाची शिकवण दुसऱ्याच्या पोरीला आणि फीची पावती आपल्या पोराला, हे आम्हाला पटत नाही. बँकेच्या क्लार्कच्या पूर्व परीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न असतात, वेळ २० मिनिटं. त्यात वाक्यातली चूक शोधा म्हणतात. तिथं भाव पोचला का हे कोणी बघत नाही.

बाबासाहेबांचं याबाबतीत काय, हे तरुणांनी जरा नीट बघावं. शाळेत त्यांना संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवणार नाही म्हणाले, म्हणून पर्शियन घ्यावं लागलं. म्हणजे विषयाच्या नावापुढं 'अ' लागतो की नाही हा प्रश्न फार पुढचा, आपल्यासाठी पहिला प्रश्न विषय मिळतो की नाही हाच होता. आणि इंग्रजी? सुभेदार रामजींनी मुलाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली, हे बाबासाहेबांनीच सांगून ठेवलं आहे. मराठी वाक्य घ्यायचं, इंग्रजी करायचं, परत मराठी करायचं. लष्करी शाळेत शिकवलेला बाप, संध्याकाळी दिव्याखाली पोराला घेऊन बसलेला. कोलंबियाच्या आधी ती सतरंजी होती. १९१५ ला कोलंबियातून एम.ए. झाले, मुख्य विषय अर्थशास्त्र, जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. इंग्रजीत ही यादी लिहा, एकाही विषयाला 'अ' लागणार नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कमध्ये प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात बाबासाहेबांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. वय २५. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आम्ही एम.ए.ला तो परीक्षेपुरता वाचला होता. अंतर्विवाह म्हणजे जातीचं मूळ, सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, एवढे मुद्दे लिहायचे आणि १० गुण घ्यायचे. या पोरीच्या निमित्तानं 'अ' शोधत तो पुन्हा वाचला आणि शेवटाकडे थांबलो. बाबासाहेब तिथं म्हणतात की जात एकवचनात वास्तवात नसतेच, ती असते ती अनेकवचनात. आणि हे सांगताना ते कास्टच्या आधी तोच आपला 'अ' लावतात, आणि म्हणतात की अशी कुठली गोष्टच नाही.

बघा, हे व्याकरण आहे आणि समाजशास्त्रही आहे. 'अ टेबल' असू शकतं. जगात एकच टेबल उरलं तरी ते टेबलच. पण जगात एकच जात उरली तर ती जात राहत नाही. एका गटानं दार लावून घेतलं की बाहेरचे आपोआप दुसरी जात होतात, इच्छा असो नसो. म्हणून 'अ कास्ट' म्हणताच त्याच्या मागे बाकीच्या सगळ्या उभ्या राहतात, कोण वर, कोण खाली ठरवत. जिथं मोजायची नामं कोणती आणि न मोजायची कोणती यावर पोरं गुण घालवतात, तिथं २५ वर्षांचा एक महार विद्यार्थी परक्या भाषेतल्या त्या एवढ्याशा अक्षरावर बोट ठेवून ब्राह्मणी समाजरचनेचा सांधा दाखवत होता. त्यांनी 'अ' शिकून घेतला आणि मग तो आपल्या कामाला लावला. आमच्या मित्राला आम्ही हेच सांगितलं. तो म्हणाला, "सगळेच बाबासाहेब नसतात." खरं आहे. म्हणून तर वर्ग घ्यावे लागतात.

आमचीही एक जखम आहे, ती इथं सांगायला हरकत नाही. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी चर्चासत्रात आम्ही वस्त्यांमधल्या विहारांवर निबंध वाचला होता. शीर्षकात 'अ सोशिओलॉजी ऑफ द विहार' असं होतं. शिकवणारे म्हणाले, विषयाच्या नावापुढं 'अ' येत नाही, एवढं तरी बघायचं होतं. मागच्या बाकांवर खसखस पिकली. आम्ही पेनानं 'अ' खोडला. निबंधात पुढं काय होतं ते कोणी विचारलं नाही.

वर आम्ही जो नियम सांगितला त्याप्रमाणे ते बरोबर होते. पण नियमाला अजून एक खोली आहे आणि ती आम्हाला फार उशिरा सापडली. विषयाच्या नावापुढं 'अ' येतो, जेव्हा आपल्याला सगळा विषय म्हणायचा नसतो, त्याची एक मांडणी म्हणायची असते. 'हिस्टरी' म्हणजे इतिहास. 'अ हिस्टरी ऑफ कल्याण' म्हणजे कल्याणचा कोणीतरी लिहिलेला एक इतिहास, दुसराही असू शकतो. 'सोशिओलॉजी इज अ सायन्स' म्हणतात, तिथं सायन्सला 'अ' आहे, कारण अनेक शास्त्रांपैकी एक. १९५७ साली लुई द्युमाँ आणि डेव्हिड पोकॉक यांनी 'कॉन्ट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिओलॉजी' हे नियतकालिक सुरू केलं, त्याच्या पहिल्या अंकातल्या लेखाचं नावच 'फॉर अ सोशिओलॉजी ऑफ इंडिया' असं आहे. भारताच्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नाव माहीत असतंच, आम्हालाही होतं, पण त्यातला 'अ' आम्ही कधी पाहिला नव्हता. त्यांचा 'अ' चालला, आमचा खोडला गेला.

आणि त्यांची ती मांडणी कुठून निघाली होती? भारत समजायचा तर संस्कृत ग्रंथांतून, शुद्ध-अशुद्धाच्या कल्पनेतून. १९५७ सालीच 'द बुद्ध अँड हिज धम्म' प्रसिद्ध झालं, लाखो लोक काही महिन्यांपूर्वीच नागपुरात बौद्ध झाले होते, ती शुद्ध-अशुद्धाची कल्पनाच झिडकारून. त्या 'अ'चा खरा अर्थ घेतला तर द्युमाँचं समाजशास्त्र ही एक मांडणी आहे आणि विहाराच्या सतरंजीवरून दिसणारं समाजशास्त्र ही दुसरी. पण वर्गात शिकवताना तो 'अ' हळूच गळतो आणि एकाची मांडणी म्हणजे विषय होऊन बसतो. आपल्या पोरांचा 'अ' गळाला तर लाल शाई, त्यांचा गळाला तर अभ्यासक्रम. असो. हा वेगळा लेख होईल.

रविवारच्या वर्गात एवढं सगळं सांगता येत नाही. सहावीतलं पोरगं जांभया देतं. मग आम्ही काय केलं ते सांगतो, कारण ते तुमच्या वर्गातही चालेल.

आमच्याकडे वर्गाआधी संविधानाची उद्देशिका म्हणतात, आधी मराठीत, मग इंग्रजीत. पोरांना दोन्ही पाठ आहेत. त्या दिवशी आम्ही दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या आणि म्हटलं, इंग्रजीतले 'अ' शोधा. पोरं तुटून पडली. गणराज्याच्या आधी एक सापडला. सार्वभौम, समाजवादी, धर्मनिरपेक्ष, लोकशाही ही विशेषणं मध्ये, पण 'अ' गणराज्याचा, हिस्टरी टीचरसारखाच. मग म्हटलं, मराठीत त्या जागी काय आहे? एका पोरानं बोट ठेवलं, 'एक'. मराठी उद्देशिकेतही तिथं 'एक' आहेच. कधी लक्षात आलं नव्हतं आम्हालाही. आता पुढे बघा, न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता. यांच्या आधी 'अ' आहे का? नाही. 'एक' आहे का? नाही. का नाही?

शांतता. मग नववीतली एक मुलगी म्हणाली, "कारण एक न्याय, दोन न्याय असं नसतं."

बस. आम्ही बाजूला लिहिलं, इतिहास, भूगोल, गणित, कॉमर्स. हेही तसंच. गणराज्य मोजता येतं, जगात कितीतरी आहेत, आपलं त्यातलं एक. बंधुता मोजता येत नाही, कॉमर्सही नाही. शिवाय 'अ जस्टिस' म्हटलं तर इंग्रजीत न्याय नव्हे, न्यायमूर्ती समजतात. एका पोरानं लगेच म्हटलं, "म्हणजे आपण न्याय मागायचा आणि ते न्यायमूर्ती देणार." सगळे हसले. हे हसणं वेगळं होतं.

एकच घोळ उरला, 'अ' की 'अ‍ॅन'. अक्षर बघून नाही, कानानं ठरवायचं. पुढच्या शब्दाचा पहिला आवाज स्वराचा असेल तर 'अ‍ॅन'. यालाही उदाहरणं आपल्याच दप्तरात आहेत, 'अ‍ॅपल' आणि 'अम्ब्रेला'ची गरज नाही. 'अ‍ॅन एफआयआर' म्हणायचं, कारण तोंडातून आधी 'ए' निघतो. पण पूर्ण नाव घेतलं तर 'अ फर्स्ट इन्फर्मेशन रिपोर्ट'. 'अ‍ॅन एससी स्टुडंट', पण 'अ शेड्युल्ड कास्ट स्टुडंट'. माणूस तोच, दाखला तोच. 'अ‍ॅन एमपीएससी क्लास', पण 'अ यूपीएससी क्लास', कारण 'यू' म्हणताना आधी 'य' येतो. 'अ बी.ए.', 'अ‍ॅन एम.ए.'. 'अ सोशिओलॉजी डिग्री', 'अ‍ॅन इकॉनॉमिक्स डिग्री'. आणि इकॉनॉमिक्स, मॅथेमॅटिक्स यांच्या शेवटी 'स' आहे म्हणून ती अनेकवचनी होत नाहीत, तिथं 'इज'च लावायचा. यावर आमची स्वतःची एक मार्कशीट साक्षी आहे, पण ती राहू द्या.

त्या पोरीला आम्ही त्या रविवारी बळेच आणलं होतं. ती मागे भिंतीला टेकून बसली. उद्देशिकेच्या वेळी बोलली नाही, 'अ' शोधताना बोलली नाही. एफआयआरला मान वर केली. वर्ग सुटल्यावर चपला घालताना म्हणाली, "ताई, म्हणजे तो जे म्हणाला ना, एकच कॉमर्स की दोन, ते व्याकरणानं बरोबरच होतं."

आम्ही म्हटलं, हो, व्याकरणानं बरोबर होतं.

"मग त्यानं हसायच्या ऐवजी सांगितलं का नाही?"

याचं उत्तर कुठल्या पाठमालेत नाही. आम्ही काहीच बोललो नाही. ती म्हणाली, "जाऊ दे. मी पुढच्या वेळेस तो जीएसटीचं काय विचारतो ते बघते."

पुढची मुलाखत ठाण्यातच, वागळे इस्टेटच्या बाजूला एका छोट्या फर्ममध्ये होती. सकाळी आम्ही तिला कल्याण स्टेशनवर सोडायला गेलो. गर्दीत काही बोलणं झालं नाही, ती लेडीज डब्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. दुपारी एकच्या सुमाराला तिचा मेसेज आला, मराठीतच. लिहिलं होतं, "ताई, विचारलं शिक्षण काय. मी म्हटलं आय हॅव अ डिग्री इन कॉमर्स. डिग्रीला अ, कॉमर्सला नाही. बरोबर ना?"

आम्ही लिहिलं, बरोबर.

लगेच दुसरा आला, "पगाराचं सोमवारी सांगतो म्हणाले. आणि त्यांच्या दारावरच्या पाटीत इंग्रजीत दोन चुका आहेत. मी काही बोलले नाही."